कुणाला उशीर चालेल

रुग्णवाहिका शहरात कुठे कुठे उभ्या ठेवायच्या, याचं गणित ती मांडायची. उद्दिष्टं दोन, आणि त्यांचं एकमेकांशी कायमचं वाकडं. सरासरीने गाडी लवकर पोचायला हवी, तर गाड्या दाट वस्तीत हव्यात. कुणालाच फार उशीर नको, तर त्या कडेला पांगवायला हव्यात. एका म्यानात दोन तलवारी. संगणक पडद्यावर एक वाकडी रेषा काढून द्यायचा. तिच्यावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे गाड्यांची एक मांडणी, आपापल्या परीने उत्तमच. त्यातला कुठला घ्यायचा, हे मात्र गणित सांगत नाही.

"तूच ठरव, तुला त्यातलं कळतं," साहेब म्हणाले. तिने दाट वस्तीकडचा बिंदू दाखवला. शहराच्या कडेच्या टेकडीवरची गाडी तिथून हलली.

टेकडीपलीकडे तिचे बाबा राहत, धाकट्या भावाकडे. एका सकाळी दाढी करता करता ते कोसळले. गाडी आली, पण लांबून आली. बाबा वाचले, उजवं अंग आणि बोलणं गेलं.

रुग्णालयात भावाने विचारलं, "ताई, आमच्याकडची गाडी कुणी हलवली?"

"मी."

"आम्ही तिथे राहतो हे ठाऊक असून?"

"हो. मध्यवस्तीत त्या गाडीने जास्त माणसं वाचतात."

"कोण ती माणसं?"

तिला एकही चेहरा माहीत नव्हता. भाऊ उठून बाहेर गेला. बाबांच्या ओठांवरून ओघळलेलं पाणी तिने पुसलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसं आत सगळं झालं होतं.

ती कामावर परतली तेव्हा साहेब हळूच म्हणाले, "गाडी परत टेकडीवर पाठवू या का? कुणी काही म्हणणार नाही."

तिने गणित पुन्हा चालवलं. रेषा तसूभरही सरकली नव्हती. सरकायचं कारणच नव्हतं.

"माझ्यासाठी नको," ती म्हणाली. "पण बिंदू मी एकटीने निवडायला नको होता. रेषा लोकांपुढे ठेवू."

सभेत कडेला राहणारे आणि मध्यवस्तीतले कडाडून भांडले. तिने रेषा समजावून सांगितली आणि खाली बसली. शेवटी ठरलं, की टेकडीवर गाडी दिवसा उभी राहील, रात्री नाही. पुरतं समाधान कुणाचंच झालं नाही.

भाऊ मागच्या रांगेत होता. त्याने मतासाठी हात वर केला नव्हता. दाराशी तो थांबला.

"उद्या बाबांना व्यायामाला न्यायचंय. एकट्याने उचलवत नाहीत."

"येते," ती म्हणाली.