मरीजायजो

आमच्या खानदेशात आई पोराला लाडाने हाक मारते ती शिवी देऊन. ‘मरीजायजो’ म्हणजे शब्दशः मरून जा. पोरगं पडलं तरी मरीजायजो, पास झालं तरी मरीजायजो, आणि आठ दिवसांचा ताप उतरून ते उठून बसलं की डोळ्यांना पदर लावत ‘उठना का रे मरीजायजो!’ लहानपणी मला ते माझंच नाव वाटायचं. हे ज्याला कळत नाही त्याला समजावून सांगू नये. मी सांगायला गेलो आणि तोंडावर आपटलो. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

माझी आई भिकुबाई पांझरेकाठच्या आमच्या गावी एकटी राहते. व्हिडिओच्या एका मोठ्या अ‍ॅपवर तिचं पान होतं, मीच उघडून दिलेलं. बकऱ्या, कळण्याची भाकरी, पापडाचं वाळवण, असलं काहीबाही ती त्यावर टाकायची. पण ते पान ती जिवापाड जपायची ते एका एक्केचाळीस सेकंदांच्या व्हिडिओसाठी. त्यात माझी धाकटी बहीण दिपमाला होती.

दिपमाला लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती. आखाजीला आमच्या बायका गौराई घेऊन नदीवर जातात, पलीकडच्या गावच्या बायका पलीकडच्या काठावर येतात आणि मग दोन्हीकडून शिव्यांची लढाई जुंपते. वैशाखात पांझरेला पाणी कुठलं, नुसती वाळू. त्या वाळूवरून शिव्या अशा जातात की ऐकणाऱ्याने कानात बोटं घालावीत. त्या दिवशी कोणी रागवायचं नाही हा रिवाज. वर्षभर सासरी तोंड दाबून राहिलेल्या पोरी त्या एका दिवशी सगळं ओकून टाकतात. दिपमाला काठावर उभी राहून ओरडत होती, ‘‘वं पल्याडन्या बायास्वन, तुमना गावले पानी नही नि तुमना तोंडले लाज नही!’’ मी फोनवर टिपत होतो. तिचं लक्ष गेलं, ती वळली आणि हसत हसत मला म्हणाली, ‘‘काय शूटिंग करी राह्यना रे, मरीजायजो!’’

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ती डेंग्यूने गेली. फोटो आहेत तिचे, पण आवाज तेवढ्या एका व्हिडिओत. पुढच्या वर्षी माझा तो फोन विहिरीत पडला आणि व्हिडिओ फक्त आईच्या पानावर उरला. उतरवून ठेव, उतरवून ठेव म्हणून आई मागे लागली होती. मी म्हणालो, ‘‘माय, मी तिथंच कामाला आहे. कुठं जातंय ते!’’ मग ती रोज सकाळी चहाच्या आधी तो व्हिडिओ लावायची, आणि पोरीशी चार शब्द बोलल्यासारखी कामाला लागायची.

माझं काम धुळ्यात, देवपुरात. त्या अ‍ॅपचा ठेका घेतलेली एक कंपनी आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही चाळीस जण कानाला हेडफोन लावून बसतो. लोकांनी तक्रार केलेला किंवा मशीनला संशय आलेला मजकूर समोर येतो. तीस सेकंदांत ठरवायचं, ठेवायचा की काढायचा. नियमांचं पुस्तक आहे, वर तपासनीस आहेत, आणि महिन्याच्या शेवटी अचूकतेचे मार्क. लोक म्हणतात बोलण्याचं स्वातंत्र्य. अहो, घर कंपनीचं, तुम्ही तिथले पाहुणे. पाहुण्याने पाय पुसून आत यावं. हे वाक्य मी स्वतः तयार केलं होतं आणि नवीन भरती झालेल्यांना मोठ्या तोऱ्यात ऐकवायचो.

अहिराणी येणारा चाळिसांत मी एकटा. बाकीचे नाशिकचे, संभाजीनगरचे. तपासनीस भूमिका मॅडम जळगावला बसायच्या. त्या मूळच्या यावलकडच्या, केळीच्या पट्ट्यातल्या. त्यांची बोली वेगळी, आमची त्यांना अर्धीच कळायची.

मार्चमध्ये मी शिरपूरकडच्या एका बाईचा व्हिडिओ ठेवला. ती नातवाला दहा वेळा ‘मरीजायजो’ म्हणत होती आणि घास भरवत होती. मॅडमनी चूक धरली. लहान मुलाला मृत्यूची धमकी. ऑनलाइन बैठकीत त्यांनी मला विचारलं, ‘‘योगेंद्र, या शब्दाचा अर्थ काय?’’

‘‘मरून जा. पण मॅडम, तो लाड असतो.’’

‘‘मरून जा हा लाड?’’ पडद्यावरचे चाळीस चेहरे हसले. ‘‘मग तुमच्याकडे राग आल्यावर काय म्हणतात, चिरंजीव भव?’’

पुन्हा हशा. माझे कान तापले. खरं तर मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला राग आला तो माझ्या भाषेचा. त्या बाईचा, त्या नातवाचा, माझ्या आईचा. धड बोलता येत नाही या लोकांना! शहरात येऊन मी जीभ घासूनपुसून घेतली, आणि यांच्यामुळे माझी शोभा.

दोन दिवसांनी मॅडमचाच निरोप आला. अहिराणीतल्या आक्षेपार्ह शब्दांची यादी हवी होती, मशीनला शिकवायला. ‘‘तुमच्याशिवाय कोण करणार?’’ या एका वाक्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. आठ दिवस बसून एकशे बारा शब्द काढले. आखाजीच्या निम्म्या शिव्या त्यात आल्या. प्रत्येक शब्दापुढे एक रकाना होता, ‘धमकी आहे का’, आणि उत्तरं दोनच, हो किंवा नाही. शेजारी ‘संदर्भ’ म्हणून एक मोकळा रकाना. तिथे काही लिहिलं की तो शब्द मशीन परस्पर काढत नसे, आधी माणसाला विचारत असे. ‘मरीजायजो’पुढे मी ‘हो’ लिहिलं. संदर्भाच्या रकान्यात ‘आई लाडाने म्हणते’ एवढे तीन शब्द लिहायचे होते. मला तो हशा आठवला. रकाना कोरा ठेवला.

यादी लागू झाली आणि माझं कौतुक झालं. जळगावच्या कार्यालयात भाषातज्ज्ञाच्या जागेसाठी माझं नाव पुढे गेलं. आखाजी तोंडावर आली होती, बाया जुने व्हिडिओ नव्याने टाकत होत्या, आणि मशीन ते पटापट गिळत होतं. अमळनेरपासून साक्रीपर्यंत पानंच्या पानं बंद पडली. मी रोज आकडा बघायचो. मला बरं वाटायचं, हे आता कशाला लपवू?

आपल्या आईच्या तोंडी तो शब्द दर व्हिडिओत आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी तो विचार मनात येऊच दिला नाही.

गुरुवारी दुपारी आई एसटीने धुळ्याला आली. फोन रुमालात गुंडाळून छातीशी धरलेला, आजारी कोंबडीचं पिल्लू आणावं तसा. माझ्या खोलीवर येऊन तिने चप्पलही काढली नाही.

‘‘योगेंद्र, मनी दिपी कोठे गई रे?’’

पान बंद झालं होतं. मी वाचून दाखवलं की हिंसक भाषेमुळे कारवाई झाली आहे.

‘‘कोन्ही हिंसा करी मी?’’

‘‘तू मरीजायजो म्हणतेस, माय. ती धमकी आहे.’’

‘‘मी ते बकरीले बी म्हनस!’’ ती हसायलाच लागली. मग माझा चेहरा बघून थांबली. ‘‘तूच ना तठे कामले शे? सांग ना त्यासले.’’

‘‘माझ्या हातात नाही. ते त्यांचं घर आहे, त्यांचे नियम.’’

‘‘मंग मनी पोर त्यासना घरमा काबर ठेवी तू?’’

अपील करू म्हणालो. कारण लिहायच्या चौकटीत काय लिहू विचारलं, तर ती फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन सावकाश बोलली, जणू पलीकडे कोणी ऐकत होतं. ‘‘लिख. मनी पोर मरी गई. आते तिना आवाज तेवढा शे. तेवढा माले परत द्या.’’ मी तसंच लिहिलं. अपील फेटाळलं गेलं की पानावरचं सगळं कायमचं पुसलं जातं, हे मी तिला सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ते अपील माझ्याच पडद्यावर आलं. येणारच होतं, अहिराणीचा दुसरा माणूस होता कुठे?

नात्यातलं प्रकरण असलं की एक बटण दाबून दुसऱ्याकडे द्यायचं असतं. ते मॅडमकडे गेलं असतं, आणि त्यांनी यादी बघून फेटाळलं असतं. ‘ठेवा’ म्हटलं तर मशीनने विचारलं असतं, यादीत धमकी आहे, मग हे धमकी कसं नाही? म्हणजे शब्द चुकला. एक चुकला की नियमाने एकशे बारा शब्द पुन्हा तपासायला घेतले असते, आणि मला पुन्हा त्या चाळीस चेहऱ्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं असतं की मॅडम, आमच्याकडे मरून जा म्हणजे लाड. जळगावची जागा तर गेलीच असती.

आम्ही व्हिडिओ दुप्पट वेगाने बघतो, वेळ वाचतो. दिपमाला चिमणीसारख्या चिरक्या आवाजात काहीतरी ओरडली, झर्रकन वळली, हसली. वेग कमी करायला एक बटण आहे. माझं बोट त्यावर गेलंही. पण तिचा खरा आवाज ऐकला असता तर माझ्याच्याने पुढचं झालं नसतं, आणि पुढचं मला करायचं होतं. बावीस सेकंदांत मी ‘फेटाळा’ दाबलं. त्या प्रकरणाचे मला पूर्ण मार्क मिळाले.

संध्याकाळी खोलीवर गेलो तेव्हा आईने भरीत करून ठेवलं होतं. निरोप तिच्या फोनवर आधीच आला होता. अक्षरं तिला येत नाहीत, ती माझी वाट बघत बसली होती. मी वाचलं, ‘‘आपले म्हणणे आम्ही काळजीपूर्वक विचारात घेतले आहे. आपला मजकूर कायमस्वरूपी हटवण्यात आला आहे.’’

‘‘म्हंजे?’’

‘‘म्हणजे गेलं, माय. आता परत येत नाही.’’

‘‘कोन्ही ठरायं हाई?’’

‘‘मशीन ठरवतं. अमेरिकेत असतं ते.’’

‘‘मशीनले माय नही राहस,’’ ती म्हणाली. ‘‘हाई मानूसनं काम शे.’’

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली असती तर मी पाठीवरून हात फिरवला असता, आणि सगळं निभावून गेलं असतं. तिने फोन पुन्हा रुमालात गुंडाळला, गाठ मारली. माझ्या ताटात भाकरी वाढली, वर भरीत घातलं, बाजूला कांदा फोडून ठेवला. मी पहिला घास तोंडात घातला तेव्हा ती बोलली. आवाज अजिबात न चढवता, एकेक शब्द सुटा करून.

‘‘ज्यानी मनी पोरना आवाज पुसी टाका, त्याले त्यानी मायना आवाज कधी ऐकाले नको भेटो.’’

एवढंच बोलून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. जन्मभर तिच्या शिव्या खाल्ल्या, पण तिचा शाप मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हाक मारली, ती वळली नाही. सवयीने मी ते वाक्य शब्द न् शब्द मनात तपासून बघितलं. त्यातला एकही माझ्या यादीत नव्हता.