खालचा कोपरा

काच जिन्याने वर न्यायची तर खालचा कोपरा धरणाऱ्यावर सगळ्यात जास्त भार येतो. तो कोपरा बावीस वर्षं भावजींचा होता. खरं तर ते एकट्या मेहुण्याचे भावजी. पण मेहुणा त्यांच्याच टोळीत काच बसवायच्या कामाला लागला आणि बघता बघता दुकानातले सगळे, अगदी चहावालासुद्धा, त्यांना भावजीच म्हणू लागले.

बायकोच्या आजारपणात भावजी चार महिने घरी होते. ती गेली, आणि पंधरा दिवसांनी ते कामावर आले. तोवर टोळीला हुकूम द्यायचं काम मेहुण्याकडे गेलं होतं. भावजींनी चकार शब्द काढला नाही. हुकूम गेला तर गेला. कोपरा मात्र ते कुणाच्या बापाला देणार नव्हते.

सकाळी मेहुण्याने नवे रबरी हातमोजे पुढे केले.

"भावजी, हे घाला. पकड चांगली येते."

"माझे आहेत."

"ते पार गुळगुळीत झालेत हो."

"झाले असतील. माझे आहेत."

मेहुण्याने नवे मोजे आपल्या पिशवीत टाकले. त्या चामडी मोज्यांचे अंगठे दोनदा उसवले होते आणि दोन्ही वेळा त्याच्याच बहिणीने ते जाड काळ्या दोऱ्याने शिवून दिले होते. शिलाई वाकडीतिकडी होती. चामडं शिवायची तिला सवय नव्हती. सुई बोटात घुसली तेव्हा तिने सगळा राग नवऱ्यावर काढला होता.

आठ फुटी काच तिसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात बसवायची होती. लिफ्टमध्ये ती मावत नव्हती. वरच्या बाजूला टोळीतले दोघे, पैलवान आणि रेडिओ; नावं टोळीनेच पाडलेली. पैलवान काडीसारखा, आणि रेडिओ दिवसभर बंद होत नसे. काच हातात आली की मात्र तोही बंद. नियम भावजींनीच घातलेला: काच उचलली की बोलायचं फक्त हुकूम देणाऱ्याने. बाकीच्यांना एकच शब्द, 'टेक'. तो कुणीही म्हणाला की का, कशाला न विचारता हुकूमवाल्याने खाली लाकडी पट्ट्या सरकवायच्या आणि काच टेकवायची.

भावजींनी स्वतः तो शब्द बावीस वर्षांत एकदाही वापरला नव्हता. पैलवानाने एकदा वापरला, तर महिनाभर त्याला 'टेकू' म्हणून हाका मारल्या होत्या.

दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळं ठीक चाललं. मग जिन्याच्या वळणावर काच तिरकी झाली आणि भावजींचा डावा हात सरकला. केसभरच. मग आणखी थोडा. राहिल्या होत्या नऊ पायऱ्या. दात आवळून चढता येतील, असं त्यांना वाटलं. बावीस वर्षं चढल्या होत्या. मोजा पुन्हा सरकला. वर काचेच्या कडेखाली पैलवानाची बोटं दिसत होती. काच सुटली तर आधी ती जाणार.

"टेक!" भावजी ओरडले.

मेहुण्याने क्षणात पट्ट्या सरकवल्या. काच वळणाच्या सपाट जागेवर टेकली. खरंच भावजी म्हणाले का, असं रेडिओचं तोंड झालं होतं.

खालून दवाखान्याचा सुपरवायझर ओरडला, "काय झालं हो? म्हातारबुवांना झेपत नसेल तर माणूस बदला! काच आमची आहे!"

मेहुणा उत्तर देणार, तोच भावजी कठड्यावरून वाकले.

"माझ्या हातून सुटत होती. मोजे जुने आहेत, सकाळी सांगूनही मी ऐकलं नाही. चूक माझी."

"मग तेच म्हणतोय ना मी!"

"आता माझं ऐका. सुटतेय हे ओरडून सांगणारा माणूस तुम्हाला इथे नको असेल, तर या वर. धरा कोपरा. मी खाली उभा राहून बोलतो."

सुपरवायझर काही वर आला नाही.

भावजींनी मोजे काढले. "आण रे ते रबराचे."

मेहुण्याने दिले आणि हात तसाच पुढे ठेवला. "ते जुने ठेवू का माझ्याकडे? खिशातून पडतील."

"तुझी बहीण होती, माहीत आहे मला. शिवले माझ्यासाठी होते." भावजी थांबले. मग एक मोजा स्वतःच्या शर्टात कोंबला आणि दुसरा त्याच्या हातात दिला. "एक ठेव. हरवलास तर बघ."

मेहुण्याने तो दोनदा घडी करून आतल्या खिशात घातला.

"भावजी," पैलवान हळूच म्हणाला, "खालचा कोपरा मी घेऊ का नऊ पायऱ्या?"

"नाही."

"बरं, टेकू."

रेडिओ फिस्सकन हसला. भावजींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"महिनाभर म्हणा. मीही म्हटलं होतं. कोपरा माझाच राहील."

त्यांनी नवे मोजे चढवले, गुडघे वाकवले, बोटं कडेखाली घातली. 'उचल' त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि मेहुण्याकडे पाहिलं.

"उचल," मेहुणा म्हणाला.

खालचा कोपरा सगळ्यांच्या आधी उचलला गेला.