निघायच्या तयारीत

मी एक बॅग बोलतेय. तपकिरी, चाकांची, चांगल्या घरातली. चाकं अजून नवीकोरी आहेत, कारण दुकानातून घरी आले त्यापलीकडे मी कुठं गेलेच नाही. दीड वर्ष एकाच जागी उभं राहिलं की आधी राग येतो, मग कंटाळा येतो, आणि मग काहीच येत नाही. मला आता काहीच येत नाही.

वॉशिंग्टनच्या पुलापलीकडे, अलेक्झांड्रियात, वेंडेल हारग्रोव्ह या निवृत्त मास्तरांनी मला बायकोसाठी घेतलं. बायको म्हणजे डेल्फीनबाई. परराष्ट्र खात्यात त्यांची तीस वर्षं गेली, तीही कायम दुसऱ्या नंबरच्या खुर्चीत. राजदूत यायचे, फोटो काढून जायचे, आणि काम बाई उपसायच्या. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटांच्या देशासाठी त्यांचं नाव सुचवलं. बाईंची नोकरी तिथंच सुरू झाली होती, तिथली भाषा त्यांना घरच्यासारखी यायची. निवृत्तीआधी एकदा तिथं राजदूत म्हणून जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आता आमच्याकडची रीत अशी, की राष्ट्राध्यक्ष नुसतं नाव सुचवतात. सिनेट हो म्हणेपर्यंत त्या माणसानं निघायचं तर नाहीच, निघणार असल्यासारखं वागायचंही नाही. तिकडे घर बघायचं नाही, निरोप घ्यायचा नाही, अभिनंदन स्वीकारायचं नाही. गृहीत धरलेलं सिनेटला खपत नाही. बाईंना हे पाठ होतं, पण वेंडेलना आनंद आवरला नाही. त्यांनी मला सुती कपड्यांनी गच्च भरलं. वर रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात केक ठेवला, त्यावर 'राजदूत डेल्फीन' असं लिहून. बाई पोचल्या तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. कोणीतरी फोटो काढला आणि तो गावच्या पेपरात आला.

तिथून तो सिनेटर प्रेविट यांच्या कचेरीत गेला. हे गृहस्थ आधीच राष्ट्राध्यक्षांवर फुगून बसलेले, कारण राष्ट्राध्यक्षांनी सिनेटला न विचारता दूरच्या समुद्रात लढाऊ जहाजं धाडली होती. एकट्या सिनेटरनं हरकत घेतली तरी नाव अडकून पडतं. त्यांच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी दाराशीच उभी होते.

"बाईसाहेब, केक उरलाय का? उरला असेल तर इकडे पाठवा. आम्हाला कोणी काही विचारत नाही, निदान खायला तरी द्या."

बाईंनी शांतपणे माफी मागितली. वेंडेल त्या दिवशी जेवले नाहीत.

हरकत तशीच राहिली. सुरुवातीला बाई मला उघडून कपड्यांना वारा द्यायच्या. मग ते थांबलं. हिवाळ्यात माझ्यावर हातमोजे ठेवले जाऊ लागले, मग पत्रं, मग शेजारणीची मांजर येऊन बसू लागली. वेंडेल माझ्याकडे बघायचं टाळायचे. मला काही वाटेनासं झालं. बाईंचंही तसंच चाललं असावं, कारण फोन वाजला तरी त्या हातातलं काम सोडून उठत नव्हत्या.

राष्ट्राध्यक्ष काही हात बांधून बसले नव्हते. 'खास दूत' नेमायला सिनेटची संमती लागत नाही. त्यांनी आपला एक गोल्फचा मित्र त्या बेटांवर धाडून दिला. तो तिथं रमला.

पुढं जहाजांची माहिती बंद दाराआड सिनेटला द्यायचं कबूल झालं आणि प्रेविटसाहेबांनी हरकत मागं घेतली. एका दुपारी जवळजवळ रिकाम्या सभागृहात बऱ्याच नावांची यादी एका दमात संमत झाली. त्यात बाईंचं नाव होतं. वेंडेल टीव्हीसमोर रडले. बाई शेंगा निवडत होत्या.

"मला आनंद व्हायला हवा ना?" त्यांनी विचारलं.

पण नेमणुकीवर शेवटची सही राष्ट्राध्यक्षांची असते, आणि सिनेटनं हो म्हटलं म्हणून त्यांनी सही केलीच पाहिजे असं नाही. सही आली नाही. काही आठवड्यांनी खात्यातून फोन आला. मित्राचं तिकडे चांगलं चाललंय, बाईंनी निवृत्तीचं बघावं.

बाईंनी मला पलंगावर आडवं केलं आणि एकेक कपडा बाहेर काढला.

"राहू दे भरलेली," वेंडेल म्हणाले. "करतीलही सही. सगळं माझ्यामुळं झालं गं."

"तुझ्यामुळं नाही. तीस वर्षं मी परक्या लोकांना सांगत आले, की आमच्याकडे सगळी सत्ता एकाच्या हातात नसते. मोठ्या अभिमानानं सांगायचे."

"आणि आता?"

"आताही खरंच वाटतं ते. म्हणून तर कोणावर ओरडता येत नाही, वेंडेल."

दुसऱ्या दिवशी वेंडेलनी मला फुटपाथवर आणून ठेवलं. इथं नको असलेली वस्तू अशी बाहेर ठेवतात, ज्याला हवी त्यानं न्यावी. मी आतून रिकामी आहे, कुलूप शाबूत आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांनो, मला उचला. लांबच नेलं पाहिजे असं नाही, पुढच्या गावापर्यंत नेलंत तरी चालेल. फक्त तुम्हाला कोणाकोणाला विचारावं लागतं, ते आधी विचारून या.