पहिल्या धडकेनंतर

आमची यादी कुणाची भीडभाड ठेवत नाही, असं मी सात वर्षं छाती ठोकून सांगत आले आहे.

यादी कसली ते आधी सांगते. इथला अमेरिकन फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू काखेत मारून पळण्याचा. जो चेंडू घेऊन समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसतो तो रनिंग बॅक. मोठ्या कॉलेजांच्या रनिंग बॅकचं कौतुक करायला अख्खा देश बसला आहे, पण लहान कॉलेजांच्या पोरांकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्यांची क्रमवारी आम्ही लावतो आणि दर आठवड्याला इंटरनेटवर टाकतो. आम्ही म्हणजे दोघं. एक मी, सुनेत्रा, दिवसा विमा कंपनीत आकडेमोड करणारी. दुसरे गिरीशकाका, मूळचे नागपूरचे, टेलिफोनच्या कंपनीतून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, वय शहात्तर. दोघंही टेक्सासमधल्या प्लेनोत राहतो. ऑगस्ट संपला की दर रविवारी सकाळी काकांच्या जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप उघडतात आणि काकू पोह्यांच्या बशा आकड्यांच्या कागदांवरच ठेवून जातात.

आमची पद्धत साधी आहे. पोराची उंची किती, वजन किती, कोच काय म्हणतो, यातलं काही आम्ही विचारत नाही. मैदानावर काय केलंस ते दाखव. त्यातही आमचा मुख्य आकडा म्हणजे पहिल्या धडकेनंतरचे यार्ड. समोर भगदाड पडलं असेल तर दहा यार्ड मीसुद्धा पळेन, गुडघा दुखत असला तरी. ते श्रेय पुढे उभ्या असलेल्या धिप्पाड पोरांचं. पण पहिली धडक बसल्यावर जे पुढे मिळतं, ते त्याचं स्वतःचं. हा आकडा लहान कॉलेजांसाठी कुणी काढत नाही, म्हणून आम्ही फिल्म बघून हातानं काढतो. फिल्म चालू ठेवायची, पहिली धडक बसली की स्पेसबार दाबायचा, चित्र थांबतं, मैदानावर दर यार्डाला आखलेली असते त्यातली तिथली रेघ लिहून घ्यायची. तिथून तो जिथे पडला तिथपर्यंत मोजायचं. एका हंगामात मी तीन-चार हजार दौडी अशा बघते, डोळ्यांत तेल घालून.

या यादीला वजन आलं ते तीन वर्षांपूर्वी. जानेवारीत लहान कॉलेजांच्या निवडक खेळाडूंचा एक सामना होतो. व्यावसायिक संघांची माणसं तो बघायला येतात. त्या सामन्याच्या आयोजकांनी ठरवलं की आमच्या यादीतले पहिले दहा रनिंग बॅक थेट बोलवायचे. तेव्हापासून दहावा आणि अकरावा यांच्यात एका पोराचं नशीब असतं.

आणि यंदा त्या यादीत माझा मुलगा होता.

नकुल ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. हंगामभर शनिवारी खेळला, बाकीचे दिवस फिजिओथेरपीचा अभ्यास केला. त्याला एकच गोष्ट हवी होती, त्या सामन्याला बोलावणं. एकदा त्या लोकांसमोर पळून दाखवायचं, मग नाही जमलं तर नाही. हे त्यानं मला सांगितलं नाही, त्याच्या बाबांना सांगितलं. रवी त्याच्या प्रत्येक सामन्याला विमानानं जातो. मी जात नाही. स्टँडमध्ये बसून आकडे नीट लागत नाहीत, असं माझं सगळ्यांना सांगणं.

काका सप्टेंबरातच म्हणाले होते, ‘‘नकुलच्या फिल्म मी बघतो. तू नको.’’

मला राग आला. ‘‘का? माझ्यावर भरवसा नाही?’’

‘‘भरवशाचा प्रश्न नाही गं. आपली प्रत्येक दहावी दौड दुसरा तपासतो ना? तुझं मी, माझं तू. मग त्याच्याही तपासू दे.’’

‘‘काका, मी त्याला जास्त दिले असतील तर खुशाल तपासा. पण तो यादीत खालीच आहे, कमी दिल्याबद्दल कुणी आईला तपासतं का?’’

माझा आवाज चढला की काका पोहे खायला लागतात. त्यांनी पोहे खाल्ले आणि नकुलच्या दौडी तपासायच्या राहिल्या.

मी यादीखाली स्पष्ट लिहिलं, की तेराव्या क्रमांकाचा खेळाडू यादी करणारीचा मुलगा आहे. लोकांनी कौतुकाची पत्रं पाठवली. इतकी निःपक्षपाती बाई पाहिली नाही, वगैरे. खरं सांगते, मी ती पत्रं पुन्हा पुन्हा वाचली. स्वतःच्या पोराला तेरावा लावणारी आई म्हणून मी मनातल्या मनात हारतुरे घेत होते. नकुलनं कधी फोन करून विचारलं नाही, तेरावा का. मीही विषय काढला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतरच्या रविवारी हंगामाची शेवटची यादी संध्याकाळी पाचपर्यंत आयोजकांना पाठवायची होती. मी सकाळी नऊला काकांकडे पोचले, तर त्यांच्या लॅपटॉपवर नकुलची फिल्म.

‘‘हे काय?’’

‘‘बस आधी,’’ काका म्हणाले. ‘‘नकुलच्या संघात अजून एक रनिंग बॅक आहे ना? पुढच्या त्याच धिप्पाड पोरांमागून पळतो, त्याच संघांविरुद्ध. त्याचे धडकेनंतरचे यार्ड दर दौडीला तीन. नकुलचे दोन पूर्णांक एक. मग कोच शेवटच्या मिनिटाला नेहमी नकुलच्या हातात चेंडू का देतो? तो काय वेडा आहे?’’

‘‘कोच काय करतो ते आपण बघत नाही.’’

‘‘म्हणून मीही नाही बघितलं. सगळ्या दौडी बघितल्या. एकशे सत्त्याऐंशी. माझ्या मोजणीत तीन पूर्णांक चार येतात.’’

म्हणजे दोनशे त्रेचाळीस यार्डांचा फरक. एवढी चूक माझ्या हातून? मी नाकावर माशी बसू देत नाही, हे काकांना ठाऊक आहे, तरी ते शांत होते. मी म्हटलं, तुमचा चष्मा बदला. मग म्हटलं, एकेक दौड लावा, मी सिद्ध करते. भांडण मला वर्ज्य नाही आणि भांडणात मी सहसा हरत नाही.

पहिली दौड लागली. काकांच्या मते पहिली धडक तिसाव्या रेघेवर, माझ्या नोंदीत चौतिसाव्या. चित्र थांबवून पाहिलं. तिसाव्या रेघेवर एका पोराचा खांदा नकुलच्या बरगडीत घुसलेला स्पष्ट दिसत होता. चौतिसाव्यावर दोन जण त्याच्या पाठीला लोंबकळत होते. धडक दोन्ही चित्रांत होती, पण पहिली तिसाव्यावर.

‘‘एखादी चुकते,’’ मी म्हटलं.

दुसरी तशीच. तिसरीही तशीच. दहावीपर्यंत माझा आवाज बराच खाली आला होता. प्रत्येक वेळी मी उशिरा थांबवलं होतं, कधी दोन यार्ड, कधी पाच. थांबलेल्या चित्रात कुणी ना कुणी त्याला धरलेलंच असे, म्हणून मला कधी शंका आली नाही.

‘‘तू मुद्दाम कमी दिलेस,’’ काका म्हणाले. ‘‘लोकांनी बोट दाखवू नये म्हणून.’’

तसं असतं तर मी कबूल केलं असतं, कारण त्यात थोडा तरी मान होता. पण मी मुद्दाम काही केलं नव्हतं. ‘‘शपथेवर सांगते, जसं दिसलं तसं लिहिलं.’’

काकांनी थोडा विचार केला. ‘‘मग आत्ता लाव. नवीन मोजणी समज. मी बघतो.’’

त्यांनी अकरावी दौड लावून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी बोट स्पेसबारवर ठेवलं. नकुलनं चेंडू घेतला, डावीकडे वळला, मी स्पेसबार दाबला. पुन्हा तीन यार्ड उशीर. मी काकांकडे पाहिलं, तर ते पडद्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

‘‘सुनेत्रा,’’ ते म्हणाले, ‘‘तू डोळे मिटतेस.’’

‘‘काहीतरीच!’’

‘‘पुन्हा कर.’’

पुन्हा केलं. या वेळी मलाच कळलं. समोरचा पोरगा नकुलच्या अंगावर झेपावला आणि माझ्या पापण्या आपोआप मिटल्या. उघडल्या तेव्हा तो तीन यार्ड पुढे होता. हजारो पोरांना हजारो धडका बसताना मी पोहे खात मोजलं होतं. हा एकटा माझा होता आणि त्याला लागताना मला बघवत नव्हतं. इतकी साधी गोष्ट, आणि मी तिला निःपक्षपातीपणा समजून मिरवत होते! मला हसू आलं, मग रडू आलं, मग स्वतःचा भयंकर राग आला. काकूंनी न विचारता चहा ठेवला.

काकांच्या मोजणीनं नकुल आठवा लागत होता. दहाव्यावरचा मिनेसोटाचा पोरगा अकरावा होणार होता. आणि हे सगळं शेवटच्या यादीत, शेवटच्या दिवशी.

‘‘लोक काय म्हणतील माहितीये ना?’’ मी म्हटलं. ‘‘आईनं ऐन वेळी मुलाला पाच पायऱ्या वर चढवलं.’’

‘‘म्हणतील. मग काय, चुकीची यादी पाठवायची?’’

तेराव्यावर ठेवणं सोपं होतं. माझं नाव शाबूत राहिलं असतं आणि पोराला कळलंही नसतं. पण ज्या यादीत मैदानावरचं तेवढंच मोजायचं असं मी सात वर्षं बजावते आहे, त्या यादीत माझ्या अब्रूचे यार्ड मोजायचे? मी डोळे पुसले आणि कामाला लागले. काम कसं करायचं ते मला येतं.

आधी मिनेसोटाच्या पोराच्या सगळ्या दौडी काकांनी पुन्हा तपासल्या, त्याच्यावर अन्याय नको म्हणून. सहा यार्ड वाढले, तरी तो अकरावाच राहिला. त्याच्या कोचला मी स्वतः पत्र लिहिलं. मग नकुलच्या एकशे सत्त्याऐंशी दौडींची फिल्म, माझी मोजणी आणि काकांची मोजणी, सगळं यादीसोबत खुलं केलं. ज्याला शंका असेल त्यानं स्वतः मोजावं. वर तीन ओळी लिहिल्या: या खेळाडूच्या दौडी मी चुकीच्या मोजल्या. तो माझा मुलगा आहे, धडक बसताना मी डोळे मिटत होते. यापुढे त्याच्या दौडी मी मोजणार नाही. माझं नाव टाकलं आणि चार वाजून वीस मिनिटांनी यादी पाठवली.

गाडी घराच्या ड्राइव्हवेत लावते आहे तोच नकुलचा फोन आला.

‘‘आई, आय जस्ट रेड इट. आठवा? फॉर रिअल?’’

‘‘आठवा. आयोजकांचं पत्र येईल तुला. काकांनी मोजलंय, मी नाही.’’

तो म्हणाला, ‘‘मला वाटायचं तुला माझा गेम आवडत नाही. लाइक, तू नंबर्सची एक्स्पर्ट आहेस, तू थर्टीन म्हणतेस, मग आय मस्ट बी थर्टीन. मी बाबांना म्हटलं पण होतं, आईला ठाऊक असेल.’’

पूर्ण हंगाम हा पोरगा माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून पळत होता.

‘‘सॉरी, नकुल,’’ मी म्हटलं. ‘‘माझं चुकलं. आणि तू फार चांगला खेळतोस. हे मी आधीच सांगायला हवं होतं.’’

‘‘इट्स ओके.’’ मग त्याला काहीतरी सुचलं. ‘‘वेट. किती वेळा डोळे मिटलेस?’’

‘‘काका म्हणतात, सगळ्याच वेळा.’’

‘‘सगळ्या? आई! मग तू पाहिलंच नाहीस.’’

‘‘काय?’’

‘‘धडक बसल्यावर मी काय करतो ते. दॅट्स द होल थिंग, आई. तेच तर मी करतो.’’

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

‘‘एक लाव ना,’’ तो म्हणाला. ‘‘आत्ता. मी आहे फोनवर.’’

मी मागच्या सीटवरून लॅपटॉप ओढून घेतला, मांडीवर उघडला आणि हाताला लागली ती दौड लावली. दोन बोटांनी डाव्या डोळ्याची पापणी वर धरली, उजवी आपल्या हिमतीवर उघडी ठेवली. नकुलनं चेंडू घेतला. समोरून त्याच्या दीडपट पोरगा आला आणि पूर्ण ताकदीनं त्याच्या छातीवर आदळला. माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं. नकुल गर्रकन फिरला, एक हात जमिनीला टेकला, उठला आणि पुढे गेला. दुसरा आला, त्यालाही झटकलं. तिसऱ्यानं पाय धरले, त्याला तसाच ओढत आणखी दोन यार्ड.

‘‘बघितलंस?’’ फोनमधून आवाज आला.

‘‘बघितलं,’’ मी म्हटलं आणि पुढची दौड लावली.