राखाडी ठिपका

हिलालनं माउस वायरीसकट उपटला, टेबलाच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं.

"साहेब येईपर्यंत कोणी या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

नूतनचा हात टेबलावर तसाच राहिला. "नाना, रावेरकडची दोन ठिकाणं लाल झालीत. मला बघू द्या."

"तिथं माणसं आहेत बघायला."

"आणि माउस काढून काय होणार? कीबोर्डवरूनही सगळं करता येतं."

हिलालनं कीबोर्ड उचलला आणि मांडीवर घेऊन बसला.

नूतननं कपाळाला हात लावला. "लहान पोरासारखं करताय तुम्ही."

"माझी बायको गेली, बाई. लहान पोराची जात नाही."

समोरच्या मोठ्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा होता. जेवढे मोबाइल टॉवर तेवढे ठिपके. हिरवा म्हणजे चालू. लाल म्हणजे बंद, आणि लाल झाला की घंटा वाजे. एखादं ठिकाण दुरुस्तीला घेतलं की त्याच्या नावापुढं टिक मारायची. मग तो ठिपका राखाडी होई. तो टॉवर बंद पडला तरी घंटा वाजत नसे, रंगही बदलत नसे. जळगावच्या त्या खोलीत वीस-बावीस राखाडी ठिपके कायमच असत. त्यांच्याकडे कोणी बघत नसे. नजरेला लाल शोधायची सवय झालेली.

हिलालच्या गावच्या टेकडीवरचा टॉवर हा त्यातला एक राखाडी ठिपका होता.

वीस ऑगस्टला दुपारी त्या टॉवरची वीज गेली. बॅटरीनं दम धरला नाही आणि गावातले फोन मुके झाले. त्याच्या बायकोच्या, पुनाच्या छातीत कळ आली ती त्याच वेळेला. शेजारच्या बन्सीलालनं एकशेआठला लावून पाहिलं, लागलं नाही. शेवटी त्यानं शेतातून आपला छोटा हत्ती टेम्पो आणवला आणि तिला एरंडोलला नेलं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी यायला हवं होतं.

पुनाचा फोन नंतर हिलालच्या हातात आला. तिनं त्याला सात वेळा लावला होता. सातही वेळा लागला नव्हता. त्या वेळी तो याच खुर्चीत बसला होता. समोर एकही लाल ठिपका नव्हता. आज सगळं शांत आहे, असं तो कोणाला तरी म्हणालाही होता.

ती टिक कोणी मारली, एवढंच त्याला हवं होतं. तेराव्यानंतर कामावर आला त्या दिवशी त्यानं खोलीत उभं राहून विचारलं. नूतननं मान खाली घातली. तेवढ्यावर त्यानं तिचं नाव घालून धुळ्याला साहेबांकडे तक्रार धाडली. यंत्रावर चित्रं आली आणि असली पोरं कामाला आली, तेव्हापासून हे असंच होणार हे त्याला ठाऊक होतं. एकतीस वर्षं तो तारा जोडत आला होता. तारेला हात लावला की ती जिवंत की मेलेली हे कळायचं. ठिपक्याला हात लावून काय कळतं?

"नाना," नूतन म्हणाली, "अजूनही तक्रार मागं घ्या. साहेब आल्यावर माझ्या हातात काही राहणार नाही."

"भ्यायलीस?"

"हो."

दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. त्यानं पाय लांब केले.

"कंत्राट कधी संपतं तुझं?"

"या महिन्यात."

"मग एरंडोलच्या बसचा पास पुढचा काढू नको."

नूतन त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. "तुमच्याशी चांगलं वागून उपयोग नाही," ती म्हणाली. "काकू कशा राहिल्या एवढी वर्षं, देव जाणे."

हिलाल उठला. कीबोर्ड मांडीवरून खाली पडला. तेवढ्यात दार उघडून जीवराम साहेब आत आले, म्हणून तो पुढचं काही बोलला नाही.

साहेब धुळ्याहून निघून थेट आले होते. चहा नको म्हणाले. हिलालनं कुलूप काढून माउस जोडून दिला. साहेबांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि एका कोऱ्या कागदावर तारीख घातली.

"नूतनबाई, तुम्ही तिकडे बसा. मी स्वतः बघतो. यात प्रत्येक टिकेची नोंद राहते. कोणी मारली, कधी मारली, सगळं. पुसता येत नाही."

"पुसता येत नाही?" हिलालनं विचारलं.

"तुम्ही कधी उघडून पाहिलं नाहीत?"

हिलालनं खिशातला चष्मा चाचपला.

साहेबांनी टेकडीच्या ठिपक्यावर माउस नेला. एक चौकट उघडली, तिच्यातून दुसरी. "ही बघा. तीस एप्रिल. दुपारी बारा सत्तेचाळीस. आयडी..." ते थांबले. "आयडी तर तुमचाच आहे, हिलालभाऊ."

"माझा आयडी अख्खी खोली वापरते. पासवर्डची चिठ्ठी ती काय, पडद्याला चिकटवलेली. तीस एप्रिलला मी सुट्टीवर होतो. हजेरी काढून बघा."

साहेब नूतनकडे वळले.

"टिक मी मारली," ती म्हणाली. "तेव्हा मला लागून नऊच दिवस झाले होते. माझा आयडी जूनमध्ये आला."

"घ्या!" हिलालनं टेबलावर हात आपटला. "आलं ना तोंडातून!"

"कोणाच्या सांगण्यावरून मारली?" साहेबांनी विचारलं.

नूतन नखानं टेबलाची कड खरवडत होती. "आठवत नाही."

"आठवत नाही! माझं माणूस गेलं आणि हिला आठवत नाही!"

"हिलालभाऊ, बसा. टिक मारताना कारण लिहावं लागतं. त्याशिवाय पुढं जाताच येत नाही." साहेबांनी चौकट उजवीकडे ओढून रुंद केली. त्यांनी ते वाचलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "हे असलं काय लिहितात?"

हिलालनं चष्मा लावला आणि साहेबांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. अक्षरं बारीक होती. त्याला ती दोनदा वाचावी लागली.

नाना जेवत आहेत.

तो तसाच वाकून राहिला.

तीस एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. लेक माहेरी आली होती, गल्लीत लिंबाला झोके बांधले होते. तो पाटावर बसला होता आणि खिशातला फोन दर पाच मिनिटांनी ओरडत होता. टेकडीची बॅटरी खराब, वीज सारखी जात-येत होती; गेली की टॉवर लाल, परत आली की त्याला फोन. तिसऱ्यांदा तो पानावरून उठायला लागला तेव्हा पुनानं त्याचा हात धरला.

"बठ्ठं गाव जेवी ऱ्हायनं, अन् तुमना फोनलेच दम नही का? बसा खाले."

मग त्यानं बसल्या जागेवरून, डाव्या हातानं जळगावला फोन लावला. फोन कोणीतरी नवीन पोरीनं उचलला. तो म्हणाला, त्या टेकडीला टिक मार बाई, आणि मला जेवू दे. ती म्हणाली, नाना, कारण विचारतंय, काय लिहू? तो हसला होता. लिही तुला काय लिहायचं ते, मी आल्यावर काढतो.

पुना ताटात पोळी वाढत होती. तीही हसली होती.

पुढं मे महिन्यात नूतननं एकदा आठवण केली होती. नाना, ते टेकडीचं तसंच आहे. त्यानं पडद्याकडे न बघता सांगितलं होतं, राहू दे, नवी बॅटरी आली की बघू.

"असो," साहेब म्हणाले. त्यांनी हिलालची तक्रार फाइलमधून काढून हातात घेतली आणि पेनाचं टोपण काढलं. "नूतनबाईंनी कबूल केलंच आहे. परवानगी न घेता दुसऱ्याच्या आयडीवरून टिक मारली आणि काढली नाही. तक्रारीप्रमाणे यांचं नाव टाकतो. कंत्राट संपतंच आहे, फार काही करावं लागणार नाही."

नूतन कोणाकडेच बघत नव्हती. तिनं आपली पर्स आधीच मांडीवर घेतली होती.

"साहेब," हिलाल म्हणाला. त्यानं साहेबांच्या पेनावर हात ठेवला. "साहेब, आधी कारण उतरवा कागदावर."

"'नाना जेवत आहेत' हे? हे काय कारण झालं?"

"झालं. रस होता. पुरणपोळी होती. तिनं मला उठू दिलं नाही."

साहेबांनी वर पाहिलं. "कोणी? या बाईंनी?"

"नाही," हिलाल म्हणाला.

साहेब पुढचं ऐकायला थांबले. नूतननं मान फिरवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती, आणि ती नसल्याचं त्याला बरं वाटलं. त्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली, तक्रारीचा स्वतःच्या सहीचा कागद साहेबांच्या हातातून घेतला आणि नूतनच्या नावावर एकच सरळ रेघ मारली.

"लिहा," तो म्हणाला. "मी सावकाश सांगतो."