कव्हराखाली गेलेले बक्कल

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या मागच्या सीटचा पट्टा आहे. काळा, चपटा, कुणी वळून बघावे असे माझ्यात काही नाही.

चिवट धाग्यांतून मी विणला गेलो. कारखान्यात माझ्या थोरल्या भावाची परीक्षा झाली, तेव्हा त्याच्याबरोबर एक पुतळा बसवून गाडी भिंतीवर आदळवली होती. गाडी थांबली, तरी पुतळा त्याच वेगात पुढे निघाला. भाऊ घट्ट झाला, किंचित ताणला आणि सगळा धक्का छाती-कमरेवर वाटून देत त्याने पुतळ्याला दमाने थांबवले. आमचे काम एवढेच.

मालकाची थोरली बहीण, ताई, शिवणकाम करी. पहिल्यांदा बसली तेव्हा मला चिमटीत धरून म्हणाली, "वीण बघ कशी आहे! सात जन्म उसवायची नाही." मी हरखून गेलो. ती मला लावल्याशिवाय कधी बसत नसे.

मग मालकाला सीटच्या नव्या कव्हरांची हौस आली. कारागिराने विचारले, "मागची बक्कलं वर ठेवू?"

"नको हो, टोचतात. मागे कोण लावतंय?"

झाले! ताईची त्याला आठवणही झाली नाही. बक्कल फटीत कोंबले आणि वरून कव्हर ताणून बसवले. बक्कलाशिवाय मी म्हणजे नुसती लोंबती पट्टी.

एका दुपारी ताई शिवलेले कपडे पोचवायला निघाली. मला ओढून ती फट चाचपू लागली. "अरे, याचं बक्कल कुठे गेलं?"

"कव्हराखाली आहे. राहू दे गं, जवळच तर जायचंय."

ताईने मला सोडले. मला फार वाईट वाटले.

वळणावर ट्रक बंद पडला होता. मालकाने करकचून ब्रेक दाबला, तरी गाडी आदळली. त्याला त्याच्या पट्ट्याने धरले. ताई पुढच्या सीटवर फेकली गेली. मी तिच्या खांद्याजवळच होतो. धक्क्यासरशी मला रोखून धरणारी आतली कळ घट्ट बसली, पण धरायला कुणी नव्हते.

ताई वाचली. मोडलेला उजवा खांदा मात्र धड जुळला नाही. कात्री धरली की तिचा हात थरथरतो. मशीनवर आता चादर टाकलेली असते. मालकाने स्वतःच्या हातांनी ते कव्हर फाडले. ताई बसली की तो उतरून मागे येतो आणि मला लावतो.

"अरे, किती घट्ट करशील!" ती हसते. तो मला पुन्हा एकदा ओढून बघतो.

मित्रांनो, आज गाडीत मागे बसलात की फटीत हात घालून बघा. आमचे बक्कल तिथे कोंडलेले असेल, तर निघण्याआधी बाहेर काढा. आम्हाला नंतर काहीच करता येत नाही.