बादलीखालची वीज

वीजबाबांनी टाळी वाजवली. शिष्याने शिडीवर चढून ट्रान्सफॉर्मरवरच्या छोट्या डबीवर लोखंडी बादली दाबून धरली आणि वीज मंडळाच्या दफ्तराच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरचा, चौकातल्या तारेतली वीज दाखवणारा आकडा शून्यावर आला. चौकातल्या गर्दीने हात जोडले.

"वीज मी प्यायलो," बाबा माईकवरून म्हणाले. "आता तार म्हणजे सुतळी. पोटात जरा गरम वाटतंय, बाकी ठीक."

गर्दीत वायरमनची धाकटी बहीणही उभी होती. त्या डब्या आणि तो पडदा तिनेच बसवले होते. प्रत्येक डबी आपल्या तारेतली वीज मोजायची आणि निरोप बिनतारी लहरींनी शेजारच्या डबीला, म्हणजे आपल्या शेजारणीला, द्यायची. एकीने ऐकलं नाही तर दुसरीला. निरोप दफ्तरात पोचतोच, असं तिने घरी शंभरदा ऐकवलं होतं. आणि आता तिचा वायरमन दादा हातमोजे काढून, उघडी तार धरून दाखवायला दुसऱ्या शिडीवर चढला होता.

तिने त्याला उतरायला सांगितलं. तो हसला. "बाबांचं सोड गं. तुझा पडदा खोटं बोलत नाही, तूच सांगतेस ना रोज जेवताना?"

पडद्यावर शून्यच होतं. क्षणभर तिलाही वाटलं, बाबा खरंच प्यायले असतील तर? तेवढ्यात वाऱ्याने बाबांची दाढी उडाली. वारा पंख्याचा होता. पंखा त्याच तारेवर होता. माईकही.

तिने वीजकेंद्रातल्या काकांना फोन लावला. काकांनी सवयीने तक्रार क्रमांक विचारला.

"काका, चौकातली लाईन तोडा. दादा तारेला हात लावतोय."

काका क्रमांक विसरले. बाबांचा आवाज शब्दाच्या मध्येच मेला, पंखा मंदावला, दाढी खाली आली. कोपऱ्यावरची गिरणी, जिच्या आवाजामुळे सगळे इतका वेळ ओरडून बोलत होते, गप्प झाली. तारेपासून वीतभर अंतरावर दादाचा हात थांबला. गिरणी का थांबते, हे त्याला कळत होतं. त्याने हात झटकन मागे घेतला.

"मग मघाशी बाबा काय प्यायले होते?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

दादा उतरल्यावर वीज परत आली. धाकटीने शिडीवर चढून शिष्याच्या हातातली बादली काढली. पडद्यावर आकडा उमटला. बादली दाबली, पुन्हा शून्य, आणि पंखा फिरतोच आहे. ती म्हणाली, "डबी मोजतेच आहे. पण लोखंडाआडून तिचं कुठल्याच शेजारणीला ऐकू जात नाही. निरोप नाही आला की पडदा शून्य लिहितो."

बाबांना एकाएकी कुठेतरी जायचं आठवलं.

"म्हणजे पडदा खोटं बोलला," दादा पुटपुटला.

"त्याला ठाऊक नव्हतं. आणि 'ठाऊक नाही' म्हणता येत नव्हतं. ते मी आज शिकवते त्याला. पण दादा, बाबा सांगोत, पडदा सांगो, नाहीतर मी सांगितलेलं असो. हात लावण्याआधी स्वतः तपासायचं."

दादाने मान हलवली. तार तपासायचा टेस्टर सकाळपासून त्याच्या खिशातच होता.